आल्मेडाबाईंचा डावा हात

माउंट नीबो ह्या काळ्या लोकांच्या चर्चमध्ये देवाच्या खालोखाल कोणाचं चालतं, असं मिसिसिपीकाठच्या सेंट ओडील गावात कुणालाही विचारा, उत्तर एकच मिळेल: आल्मेडा गास्पारबाईंचं. पाळकसाहेबांचा नंबर त्यानंतरचा. पाळक येतात, चार-सहा वर्षं उपदेश करतात आणि शहरातलं मोठं चर्च मिळालं की बाडबिस्तरा आवरून चालू लागतात. आल्मेडाबाई एकतीस वर्षं दारात उभ्या होत्या.

दारात म्हणजे दारमंडळात. रविवारी चर्चच्या दाराशी उभं राहून आल्यागेल्याला जागा दाखवणाऱ्या सात बायका, आणि त्यांच्या प्रमुख आल्मेडाबाई. पांढरा झगा, पांढरे हातमोजे, पांढरे बूट आणि छातीवर पितळेचा बिल्ला. ह्या मंडळाचा पहिला नियम असा, की उपासना चालू असताना बाईनं तोंड उघडायचं नाही. जे काय बोलायचं ते हातानं. उजवा तळवा वर गेला म्हणजे दाराशी थांबा, प्रार्थना चालू आहे. मांडीवर दोन बोटं आली म्हणजे त्या बाकावर दोघांपुरती जागा आहे. छातीवर आडवा हात म्हणजे पंखा आणि पाणी आणा, कुणीतरी आता भोवळ येऊन पडणार. आणि डावी मूठ कमरेमागे गेली, की सगळ्या मंडळीनं उभं राहायचं आणि ती मूठ पुढे येईपर्यंत कुणी टेकायचं नाही.

ह्या शेवटच्या खुणेचा दरारा काही औरच होता. आधीच्या पाळकांची प्रार्थना एकदा लांबत लांबत पंचवीस मिनिटांवर गेली. आल्मेडाबाईंनी डावी मूठ मागे नेली आणि तिथेच ठेवली. दोनशे माणसं उभी. पाळकांच्या सासूबाई गुडघ्यांच्या दुखण्यानं बेजार, त्याही उभ्या. घरी गेल्यावर सासूबाईंनी जावयाला काय ऐकवलं ते माहीत नाही, पण पुढच्या रविवारपासून त्यांची प्रार्थना सात मिनिटांत आटोपायला लागली.

बाकी सहा दिवस बाई लाँड्रीत इस्त्री करत. चाळीस वर्षं त्यांनी गावातल्या गोऱ्यांच्या चादरी आणि शर्ट कडक केले होते. चुरगळलेलं कापड दिसलं की त्यांचं डोकं उठायचं. कुणाच्या मयताला गेल्या तर आधी पेटीतल्या माणसाची कॉलर सरळ करायच्या आणि मग रडायला बसायच्या. नवरा आल्सीद जाऊन दहा वर्षं झाली होती, मुलगी ह्यूस्टनला दिलेली. घरात त्या एकट्याच. आठवडाभर ज्याची वाट बघावी असं एकच काही होतं, ते म्हणजे रविवार आणि ते दार.

दारमंडळात दुसरा नंबर क्लोटील बातिस्तबाईंचा. अठरा वर्षं दुसराच. ह्या बाई उंच, हडकुळ्या आणि जिभेला धार. बिल्ल्यावर त्यांचा डोळा आहे हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, आणि हे गावाला ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक होतं.

चौऱ्याहत्तर सालच्या मे महिन्यात मिसिसिपीच्या काठचं बेल फाँतेन नावाचं मोठं घर सिनेमावाल्यांनी भाड्यानं घेतलं. खांबा-खांबांचं, पांढरं, बरीच वर्षं बंद पडलेलं घर. त्याच्या मागे उसाच्या रानात एके काळी दोनशे गुलाम राहायचे आणि त्यातल्या निम्म्यांची आडनावं माउंट नीबोच्या हजेरीपटावर अजून होती. सिनेमाही गुलामगिरीचाच, एका खमंग कादंबरीवरचा. त्यात चाबूक होते, माणसांचा लिलाव होता, मालकाच्या बायकोची थेरं होती आणि कपडे कमी होते. चित्रीकरण सुरू व्हायच्या आधीच वर्तमानपत्रांत बोंबाबोंब सुरू झाली. सिनेमाचं नाव चर्चच्या आवारात घ्यायचं नाही असं ठरलं, म्हणून सगळे नुसतं 'ते' म्हणायला लागले. त्यानं झालं एवढंच, की दिवसभर लोक 'त्या'च्याबद्दलच बोलत राहिले.

नवे पाळक टॅल्मेज रीड हे अडतिसाव्या वर्षीच घसा बसेपर्यंत बोलण्यात तरबेज झालेले गृहस्थ. त्यांनी त्या रविवारी व्यासपीठावरून जाहीर केलं, की आपल्या पूर्वजांच्या बेड्या पैशांसाठी पायात घालून नाचणं हे पाप आहे आणि जो 'त्या'त काम करील त्याला चर्चमध्ये काम नाही. मंडळीनं जोरात 'आमेन' म्हटलं. सोमवारी सकाळी सिनेमावाल्यांच्या कचेरीपुढे रांग लागली, त्यात त्या 'आमेन'वाल्यांतले साठ जण होते. गायनमंडळाच्या तर सगळ्या जाड आवाजाच्या बायका तिथे होत्या. उसाची कामं थंडावलेली, घरी बसून काय करायचं? ज्यांच्या आज्या-पणज्या त्या घरामागे विकल्या गेल्या, ती माणसं आता रोजावर त्याच आज्या-पणज्या व्हायला निघाली होती. ह्यावर हसावं की रडावं ते ज्याचं त्यानं ठरवावं. मंडळीनं आपले जेवणाचे डबे बांधले.

साठ जणांना बाहेर काढलं तर त्यांच्या घरचेही जातील आणि उपदेश बाकांना करावा लागेल, हे पाळकसाहेबांच्या लक्षात आलं. त्यांनी तोडगा काढला. बाकीची साधी मेंढरं आहेत, त्यांना माफ करायचं; नियम लावायचा तो एकाच माणसाला. त्यांनी आल्मेडाबाईंना कचेरीत बोलावलं. बाई खरं तर तोवर गेल्याही नव्हत्या आणि जायचा विचारही नव्हता.

"सिस्टर गास्पार, तुम्ही जाणार नाही, असं मी सगळ्यांना सांगून ठेवलंय," पाळकसाहेब म्हणाले.

"मला विचारलंत कधी?"

"त्यात विचारायचं काय? तुम्ही दारात उभ्या असता. लोक तुमच्याकडे बघतात."

"लोक तिकडे गेलेत. साठ माणसं, त्यांच्यावर कुणाचं लक्ष नाही. ती तिथे काय गोंधळ घालतील, कल्पना आहे तुम्हाला? मी जाते."

"मग बिल्ला इथे ठेवून जा."

बाईंनी बिल्ला काढला, टेबलावर ठेवला आणि ताठ मानेनं बाहेर पडल्या. आपण काय करून बसलो ते त्यांना घरापाशी पोचेपर्यंत कळलं नाही. कळलं तेव्हा दार लावून त्या खूप रडल्या. मग तोंड धुतलं, लाँड्रीत रजा कळवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बेल फाँतेनला हजर झाल्या.

तिथे पहिल्या दिवसापासून करमणूक होती. सिनेमावाल्यांनी गुलामांसाठी झोपड्या बांधल्या होत्या, त्यांचं छप्पर गावातल्या मागच्या गल्लीतल्या घरांपेक्षा पक्कं होतं. वयानं आणि उंचीनं मोठे असलेले, चर्चचे जुने कारभारी डीकन इझडोर एक झोपडी आतबाहेर नीट बघून आले आणि सिनेमा संपल्यावर ही भाड्यानं मिळेल का, असं त्यांनी गंभीरपणे विचारलं. उसाच्या रानात कापसाची झुडपं रोवली होती आणि बोंडं डिंकानं चिकटवली होती. डीकन म्हणाले, ह्या मातीत ऊस सोडून शपथेलाही काही उगवलेलं नाही, पण साहेबांच्या पुस्तकात कापूस असेल तर आपण कापूस वेचू. ते वेचायला वाकले, तर बोंडाबरोबर झुडूपच हातात आलं.

खरी लढाई जुंपली ती कपड्यांवरून. बायकांना वाटलेले घागरे मळकट, फाटके आणि चुरगळलेले होते. आल्मेडाबाईंनी आपला घागरा घरी नेला, धुतला, रफू केला, खळ घातली आणि कडक इस्त्री करून दुसऱ्या दिवशी नेसून आल्या. त्यांचं पाहून आणखी बावीस बायकांनी तेच केलं. कपड्यांच्या विभागातली बाई ते बघून मटकन खाली बसली. बिचारीनं महिनाभर खपून तो मळ चढवला होता. मग उठली, स्वयंपाकघरातली किसणी घेऊन आली आणि एकेका बाईला उभं करून घागरा किसायला लागली. आल्मेडाबाईंनी पुन्हा इस्त्री केली, तिनं पुन्हा किसला. तिसऱ्या दिवशी तिनं कमरपट्टीपासून सुरुवात केली आणि नाडीसकट सगळं पिंजून काढलं. तेव्हा बाईंनी माघार घेतली, पण आतला परकर मात्र स्वतःचा नेसल्या. पांढरा नायलॉनचा, खाली बोटभर लेस असलेला. कॅमेरा आत थोडाच बघतो, असं त्यांनी क्लोटीलबाईंना सांगितलं; त्याही रोजावर आल्या होत्या.

गर्दीला हाकायचं काम डेनिस नावाच्या दाढीवाल्या पोरगेल्या साहेबाकडे होतं. त्याच्या हातात भोंगा. 'डावीकडे सरका' असं तो भोंग्यातून ओरडला की मंडळी आधी आल्मेडाबाईंकडे बघायची. त्यांचा हात हलला तर सरकायची, नाही हलला तर भोंगा फुटेस्तोवर ओरडा. दोन दिवसांत त्याला हे गणित उमगलं. तो भोंगा काखेत मारून बाईंच्या कानाशी यायचा, "मॅम, ह्यांना जरा झाडाखाली न्याल का?" म्हणून विचारायचा, आणि बाईंची दोन बोटं हलली की ऐंशी माणसं बिनबोभाट झाडाखाली. साठ आपलीच होती. बाकीची वीस दुसऱ्या चर्चची, पण ती ह्यांचं बघून करायची. बाईंना मनातून बरं वाटायचं. बिल्ला टेबलावर राहिला म्हणून हात थोडाच टेबलावर राहिला होता.

आठव्या दिवशी म्हाताऱ्या मालकाच्या मयताचा प्रसंग होता. पुढच्या पायऱ्यांवरून पेटी खाली येणार, मागून काळ्या कोटात मालकाचा मुलगा येणार आणि अंगणातल्या सगळ्या गुलामांनी धाडकन गुडघ्यांवर पडून गळा काढायचा. दिग्दर्शकानं स्वतः येऊन समजावून सांगितलं, की तुमचा पोशिंदा गेलाय, आभाळ कोसळलंय, असं मनापासून वाटू द्या. डीकन इझडोर म्हणाले, पोशिंदा कोण तेवढं कळलं नाही, ऊस तर आम्ही तोडायचो. दिग्दर्शकाला वाटलं ते भूमिकेत शिरतायत.

सकाळचे अकरा वाजले होते. पहिल्या रांगेच्या मधोमध आल्मेडाबाई, त्यांच्या बरोब्बर मागे क्लोटीलबाई आणि मागे बाकीचे. इथे एक गोष्ट स्वच्छ सांगायला हवी, की आल्मेडाबाई गुडघे टेकणार होत्या. रोज घेतला होता, शब्द दिला होता, आणि गुडघे दुखतात म्हणून घरून आणलेली छोटी उशीसुद्धा त्यांनी गवतात टाकून ठेवली होती. 'ॲक्शन' झालं. पेटी दारातून बाहेर आली. बाई वाकल्या, आणि किसणीनं पिंजलेली ती नाडी तुटली.

घागरा निघाला. सासष्ट वर्षांच्या आयुष्यात आल्सीद सोडून कुणी आल्मेडाबाईंचा परकर पाहिला नव्हता, आणि आता ऐंशी माणसं, तीन कॅमेरे आणि कॅलिफोर्नियाहून आलेले दाढीवाले तो बघणार होते. बाईंचा डावा हात विजेसारखा मागे गेला, कमरेपाशी घागऱ्याचा बोंगा मुठीत धरला आणि त्या ताठ उभ्या राहिल्या. दुसरं काही करणं शक्यच नव्हतं.

अर्धी वाकलेली मंडळी सरळ झाली. एकही गुडघा जमिनीला लागला नाही. एकही हुंदका नाही. पेटी उचलणाऱ्यांच्या बुटांचा आवाज तेवढा येत होता. मालकाचा मुलगा झालेला नट पायऱ्या उतरून आला. वाकलेल्या पाठींमधून रुबाबात चालत जायचं, एवढंच त्याला सांगितलं होतं. आता त्याच्या समोर ऐंशी चेहरे होते, त्याच्याइतक्याच उंचीवर, त्याच्याकडे सरळ बघणारे. तो दोन पावलं चालला, बोलायचं वाक्य विसरला, आणि कुणी सांगितलं नसताना त्यानं डोक्यावरची टोपी काढली. मग खाली मान घालून भराभर निघून गेला.

दिग्दर्शकानं आकाशपाताळ एक केलं. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. बाईंना कपड्यांच्या तंबूकडे जायचं होतं, पण तंबू होता अंगणाच्या पलीकडच्या टोकाला, आणि मूठ पाठीशी धरून सगळ्यांसमोरून तेवढं अंतर चालत जाणं म्हणजे वरातच. पुरुषमाणसाला टाचणी मागायची तर त्याहून जीव दिलेला बरा. डेनिस भोंगा खाली ठेवून जवळ आला आणि रडकुंडीला येऊन म्हणाला, "मॅम, एकदाच. ह्यांना बसायला सांगा ना."

"आज नाही," आल्मेडाबाई म्हणाल्या.

डेनिसनं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तो गुपचूप परत गेला. दिग्दर्शकानं घड्याळ बघितलं, कपाळाला हात लावला आणि जे मिळालंय त्यावर भागवू म्हणून पुढच्या प्रसंगाकडे वळला. पांगापांग झाल्यावर आल्मेडाबाई भिंतीला पाठ लावून आडव्या आडव्या सरकत तंबूत पोचल्या.

ह्याबद्दल त्या कुणाशी बोलल्या नाहीत. मंडळी आपली मूठ बघून उभी राहिली हे उघड होतं. भोळी माणसं, वर्षानुवर्षांची सवय. आपल्यामुळे त्यांचा गैरसमज झाला ह्याची त्यांना लाज वाटायची, आणि नुसत्या मुठीवर ऐंशी माणसं थांबली ह्याचा अभिमानही वाटायचा. दोन्हीचं लोणचं करून त्यांनी ते मनात मुरत ठेवलं. नवल म्हणजे क्लोटीलबाईही कधी काही बोलल्या नाहीत.

बोलायला त्यांना फुरसत कुठे होती? बिल्ला आता त्यांच्या छातीवर होता. त्याही अंगणात उभ्या होत्या, पण पाळकसाहेबांनी तिकडे काणाडोळा केला, कारण दाराला कुणीतरी हवंच होतं. आल्मेडाबाई सातव्या बाकावर साध्या माणसासारख्या बसायला लागल्या. तेरा महिने बसल्या. दर रविवारी त्यांचा डावा हात आपोआप मागे जायचा आणि बाकाच्या पाठीवर आपटायचा. क्लोटीलबाईंच्या हातमोज्यावर अंगठ्यापाशी चहाचा डाग होता, तो बघून त्यांचं उपासनेत लक्ष लागायचं नाही. शेवटी तर त्या थोड्या उशिरा यायला लागल्या, म्हणजे दाराशी जास्त वेळ थांबावं लागेल.

पुढच्या वर्षी 'ते' थेटरांत लागलं. लोकांनी रांगा लावल्या आणि जाणत्यांनी शिव्या घातल्या. गटार, बीभत्स, आमच्या जखमांचा तमाशा, एक ना दोन. शिव्या बहुतेक खऱ्याच होत्या. पाळकसाहेबांनी ते पाहिलेलं नव्हतं, पण ते किती वाईट आहे हे ते प्रसंगवार सांगायचे, आडव्या-उभ्या बारकाव्यांसकट. बॅटन रूज शहरात ते कामासाठी गेले होते आणि तिथे दोन तास काळोखात बसण्याचं काम निघालं होतं, एवढंच गावाला कळलं. परत आले ते बदलून. ज्या मोठ्या वर्तमानपत्रानं सिनेमाला जोड्यानं मारलं होतं, त्यातच शेवटी चार ओळी होत्या: मयताच्या प्रसंगात गुलाम गुडघे टेकत नाहीत, आणि ह्या अख्ख्या घाणीत खरं असं तेवढंच आहे. ते कात्रण घेऊन पाळकसाहेब घरोघर फिरले. मुठीची हकीकत त्यांना कळली, 'आज नाही' हे दोन शब्दही कळले, आणि मग त्यांना कुणी आवरू शकलं नाही. लागोपाठ तीन रविवार 'आज नाही' ह्याच विषयावर उपदेश झाला. चौथ्या रविवारी दुपारी खास सभा ठेवली. सिस्टर गास्पार ह्यांना त्यांचा बिल्ला सन्मानानं परत.

आल्मेडाबाई पेचात पडल्या. दार परत मिळत होतं. करायचं काहीच नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्यात तर त्यांची हयात गेली होती. दुसरीकडे, देवाच्या घराच्या दारात उभं राहायचं ते नाडीच्या जोरावर, हे काही त्यांच्या मनाला पटेना. शनिवारी त्यांनी चार वेळा तोच झगा इस्त्री केला.

सभेला उभं राहायला जागा नव्हती. उकाडा मी म्हणत होता, सगळे हातातले पुठ्ठ्याचे पंखे हलवत होते. क्लोटीलबाईंनी बिल्ला काढून, पुसून, एक शब्द न बोलता पाळकसाहेबांच्या हातात दिला. पाळकसाहेब बोलायला लागले. ह्या भगिनीनं मालकापुढे मान वाकवली नाही, आपल्या लोकांना एका मुठीनं उभं केलं, मी आंधळा होतो, वगैरे वगैरे. लोक 'आमेन, आमेन' म्हणत होते. पाळकसाहेब बिल्ला घेऊन पुढे आले तेव्हा आल्मेडाबाई उठल्या.

"पाळकसाहेब, माझी नाडी सुटली होती," त्या म्हणाल्या.

पाळकसाहेब घाबरले. "आणि तशा स्थितीत तुम्ही उभ्या राहिलात? डॉक्टरांना दाखवलंत का?"

"माझी नव्हे हो. घागऱ्याची."

पंखे थांबले. बाईंनी सगळं सांगितलं. किसणी, कमरपट्टी, नायलॉनचा परकर, काही शिल्लक ठेवलं नाही. मी बसणारच होते, माझी उशीसुद्धा तयार होती, हेही सांगितलं. मी खूण केली नव्हती. माझ्यामुळे ह्या बिचाऱ्यांची फसगत झाली आणि पाळकसाहेबांनी तीन रविवार घसा कोरडा केला, त्याची मी माफी मागते. एवढं बोलून त्या उभ्याच राहिल्या. आता दार गेलं ते कायमचं, हे त्यांना कळत होतं.

पाळकसाहेबांच्या हातात बिल्ला तसाच राहिला. तीन उपदेश त्यांच्या डोळ्यांपुढून गेले असावेत. त्यांनी मंडळीकडे पाहिलं आणि खोल गेलेल्या आवाजात विचारलं, की म्हणजे तुम्ही सगळे निव्वळ चुकून उभे राहिलात?

मग क्लोटीलबाई उठल्या.

"मी ह्यांच्या पाठीमागेच होते, हातभर अंतरावर," त्या म्हणाल्या. "नाडी तुटली तेव्हा टक् झालं ते मला ऐकू आलं. लेस दिसली. सिस्टर, लेस छान होती, कुठून घेतलीत ते विचारायचं राहिलं."

"तुम्हाला दिसलं होतं?" पाळकसाहेब म्हणाले. "मग तुम्ही खाली का नाही बसलात?"

"बसायचं नव्हतं."

मागून डीकन इझडोर म्हणाले, की मलाही दिसलं, मी तर उंच माणूस, मला सगळ्यांच्या वरून दिसतं. गायनमंडळातून एक जाड आवाज आला, आम्हालाही. मग इकडून एक, तिकडून एक असं करत बाकांमागून बाकं बोलायला लागली. लेस सगळ्यांनी पाहिली होती. काहींनी दोन्ही वेळा.

आल्मेडाबाई एकेका चेहऱ्याकडे बघत राहिल्या. "आणि मला तेरा महिने कुणी सांगितलं नाही?"

"बोललो असतो तर तुम्हाला लाज वाटली असती," क्लोटीलबाई म्हणाल्या. "आणि खरं सांगू? तुमचा हात चर्चमध्ये चालतो, सिस्टर. त्या अंगणात आम्ही आमचे उभे होतो."

एवढा अपमान आणि एवढा आनंद आल्मेडाबाईंना एकदम कधी झाला नव्हता. एकतीस वर्षं आपण ह्या माणसांना उठवतो-बसवतो असं त्या समजत होत्या. डोळ्यांतून पाणी आणि तोंडातून हसू अशी त्यांची गत झाली, आणि हातमोज्यानं नाक पुसायची वेळ आली, जे त्यांनी दुसऱ्या कुणाला कधी करू दिलं नसतं.

पाळकसाहेबांनी अगदी लहान आवाजात विचारलं, की मग आता हा बिल्ला कुणाला द्यायचा?

"आणा इकडे," आल्मेडाबाई म्हणाल्या. "ही माणसं कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत. दारात कुणीतरी नको का?"